वणवा, घर आणि मधली मोकळी जागा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरसारख्या जिल्ह्यात चार-पाच वर्षांत मिळून पडेल इतका. अशा जिल्ह्यात वणव्याचा प्रश्न असावा हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. पण मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या सड्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरून आलेल्याला त्यात काही चमत्कारिक वाटत नाही. हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने आकाश कोरडे. सड्यावरच्या जांभ्या कातळावर मातीचा थर पातळ असतो, पाणी टिकत नाही. पावसात तरारून वाढलेले गवत डिसेंबरपर्यंत पिवळे पडते आणि फेब्रुवारीत काडेपेटीतल्या काडीसारखे वाळते. म्हणजे वणव्याला लागणारे इंधन तयार करण्याचे काम पाऊसच करतो. पाऊस जितका चांगला, तितके गवत अधिक.

राज्याचे वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ आगीचा हंगाम मानते. ह्या दिवसांत वणव्याने आंबा-काजूच्या बागा जळाल्याच्या, एखादा मांगर भस्मसात झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. चर्चा होते ती नुकसानभरपाईची आणि आग कोणी लावली ह्याची. आम्हांला ह्या लेखात थोडा वेगळा प्रश्न विचारायचा आहे. वाळले गवत आणि राहते घर ह्यांच्यामध्ये किती अंतर असावे, हे आजवर कोणी, कधी आणि कशासाठी ठरवले? ह्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो इतिहास पाहिला की आपल्या गावात आज काय करता येईल ह्याचाही थोडा उलगडा होतो.

घर पेट कसे घेते?

आधी विज्ञान पाहू. वणव्यातून घराला आग तीन वाटांनी लागते. पहिली वाट म्हणजे ज्योतींचा प्रत्यक्ष स्पर्श. गवत भिंतीपर्यंत वाढलेले असेल, तर आग त्यावरून चालत घरापर्यंत येते. दुसरी वाट प्रारणाची. समोर झाडे जळत असताना आपला चेहरा भाजतो, तसा घराचा लाकडी भागही तापतो आणि पुरेसा वेळ तापला तर पेटतो. तिसरी वाट उडत्या ठिणग्यांची. पेटलेली पाने, सालपटे, काटक्या वाऱ्याबरोबर उडतात आणि आगीच्या बऱ्याच पुढे जाऊन पडतात.

ह्यांतल्या प्रारणाविषयी कॅनडाच्या वायव्य भागातील जंगलात १९९७ ते २००० ह्या काळात मोठे प्रयोग झाले. जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून त्यांच्यासमोर लाकडी भिंतींचे तुकडे १०, २० आणि ३० मीटरांवर उभे केले होते. १० मीटरांवरच्या भिंती काही वेळा पेटल्या. ३० मीटरांवरच्या भिंतींना काही झाले नाही. उंच झाडांचे शेंडे जळत असतानाची ही गोष्ट आहे. आपण वर्गात व्यस्त वर्गाचा नियम शिकवतो. ज्योतींची भिंत रुंद असल्यामुळे तो नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही, पण अंतर वाढले की पोचणारी उष्णता झपाट्याने घटते, हा त्यातला गाभा कायम राहतो. शिवाय गवताची आग एका जागी फार वेळ टिकत नाही. ती धावते आणि विझते. त्यामुळे गवत घरापासून काही मीटर दूर ठेवले तर पहिली वाट बंद होते आणि दुसरी बरीच अरुंद होते.

उरते तिसरी, ठिणग्यांची. तिथे प्रश्न असा की ठिणगी जिथे पडेल तिथे काय आहे? शेणाने सारवलेले खळे असेल तर ती विझून जाईल. गवताची उडवी, नारळाची सोडणे, शेणींचा ढीग किंवा कौलांच्या सांध्यांत साठलेला पालापाचोळा असेल तर ती पेट घेईल.

ह्यात उताराची आणि वाऱ्याची भर पडते. आग चढावर वेगाने धावते, कारण तिच्या ज्योती वरच्या गवताकडे झुकलेल्या असतात आणि ते आधीच तापवतात. उतार दहा अंशांनी वाढला की चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा ऑस्ट्रेलियात वापरतात. किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि आग पूर्वेकडे, सड्याच्या चढावर लोटतात. रात्री व पहाटे मतलई वारे उलटे वाहतात. दुपारी गावापासून दूर गेलेली आग पहाटे परत गावाच्या दिशेने वळू शकते ती ह्यामुळे.

ह्या सगळ्याचा अर्थ एवढाच की घराचे भवितव्य बव्हंशी त्याच्या आसपासच्या काही दशमीटर पट्ट्यात आणि त्याच्या छपरात ठरते. दूरच्या डोंगरावर आग किती मोठी आहे, ह्यावर ते कमी अवलंबून असते.

शहरांनी शिकलेला धडा

अंतराचा हा धडा आपल्याकडे आधी शहरे शिकली. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या किल्ल्यातील बाजारपेठेत आग लागली. दाटीने बांधलेली घरे, त्यांत भरपूर लाकूड. किल्ल्यातील वस्तीचा मोठा भाग जळून गेला. त्या वेळी जोनाथन डंकन गव्हर्नर होते. किल्ल्याबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे मैदान राखलेले होतेच. आगीनंतर हे मैदान ओलांडून पलीकडे नवी वस्ती वाढली. आजचे आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल हे त्याच मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे. जागा मोकळी ठेवणे हादेखील बांधकामाचा एक नियम असू शकतो, ही कल्पना त्यातून रुजली.

पुढे ती कायद्यात आली. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३४९ आहे. घराचे छप्पर आणि बाहेरच्या भिंती ज्वालाग्राही पदार्थांच्या नसाव्यात, असे ते सांगते. मुंबई इलाख्यातील लहान शहरांसाठी १९०१ मध्ये जिल्हा नगरपालिकांचा कायदा झाला. त्यातही गवत, चटया, पाने ह्यांची छपरे घालण्यावर ठरावीक हद्दीत बंदी करण्याचा अधिकार नगरपालिकेला होता. "ठरावीक हद्दीत" हे शब्द महत्त्वाचे आहेत. सगळ्या शहराला एकच नियम न लावता नकाशावर रेघ ओढायची, आणि रेघेच्या आत एक नियम, बाहेर दुसरा. आज ज्याला आपण क्षेत्रनिहाय विभागणी किंवा झोनिंग म्हणतो, त्याचे हे साधे रूप होय.

पण हे सगळे शहरांपुरते. मालवणची पेठ ह्या विचाराच्या कक्षेत येऊ शकत होती. सड्याखालच्या वाड्या येत नव्हत्या.

जंगलाचा कायदा कोणासाठी?

ग्रामीण भागातील आगीसाठी वेगळा कायदा झाला, तो जंगलांसाठी. १८६४ च्या सुमारास मध्य प्रांतातील बोरी जंगलात कर्नल पिअर्सन ह्या अधिकाऱ्याने आगीपासून जंगल राखण्याचा प्रयोग केला. जंगलाभोवती पट्टा साफ करायचा, म्हणजे बाहेरची आग आत येणार नाही. ह्या पट्ट्यांनाच आज वनखाते जाळरेषा म्हणते. पुढे १८७८ चा आणि नंतर १९२७ चा भारतीय वन कायदा आला. त्याच्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे किंवा वनाला धोका होईल अशा रीतीने आग जळती ठेवणे हा गुन्हा आहे. कलम ७९ प्रमाणे त्या वनात हक्क असणाऱ्यांवर आग विझवण्यास मदत करण्याचे बंधन आहे.

ह्या कायद्यांच्या मनात काय होते ते नीट पाहिले पाहिजे. जपायचे होते ते लाकूड. आगीपासून गावाला जंगलाचे रक्षण करायचे होते. जंगलापासून गावाचे नव्हे. गावकरी हा त्यात संशयित होता. कोकणातला राबाचा वाद हे ह्याचे चांगले उदाहरण. भाताचा तरवा घालण्याआधी वाफ्यावर पाला, गवत, शेण पसरून ते भाजण्याची पद्धत कोकणात जुनी आहे. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत. वनखात्याने त्यावर निर्बंध आणले तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष झाला की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. शेतकऱ्याच्या दृष्टीने भाजावळ हे शेतीचे काम होते, सरकारच्या दृष्टीने जंगलाची हानी. आग म्हणजे गुन्हा, ही भाषा गावाच्या कानावर पडली ती अशी. आग आणि अंतर ह्यांचा नियम आपल्याच घराच्या सोयीचा असू शकतो, हे त्या भाषेत कुठेच नव्हते.

सिंधुदुर्गात आणखी एक अडचण आहे. इथली बरीचशी झाडी आणि गवताळ जमीन खाजगी मालकीची आहे. सरकारी राखीव वन त्या मानाने थोडे, आणि तेही मुख्यतः सह्याद्रीच्या बाजूला. किनाऱ्याजवळचे वणवे पेटतात ते सड्यांवर, वरकस जमिनींवर, पडीक वाफ्यांत. म्हणजे राखीव वनासाठी केलेले आगीचे कलम जिथे लागू होते, तिथे वाड्या कमी. आणि जिथे वाड्या आहेत तिथे ते कलम पोचत नाही. निष्काळजीपणे आग वापरणे हा फौजदारी गुन्हा आहेच, पूर्वीच्या दंडसंहितेत होता आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण तो घटना घडून गेल्यानंतरचा उपाय. घर वाचवायचे तर घटनेच्या आधी चार महिने काहीतरी व्हायला हवे.

छप्पर बदलले, गवत राहिले

मग पूर्वीच्या वाड्या ह्या प्रश्नाला तोंड कसे देत होत्या? ह्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, घराच्या रचनेत आहे.

पावसाळा संपला की घरापुढचे खळे उकरून, चोपून, सारवून नवे करायचे ही इथली रीत. भात झोडायला, सुपारी-मिरची वाळत घालायला ते लागते. पण आगीच्या दृष्टीने पाहिले तर घरापुढे दरवर्षी तयार होणारा तो इंधनमुक्त पट्टा आहे. परड्याभोवती जांभ्या दगडांचा गडगा असतो. तो गुरांसाठी असला तरी गवतातून सरपटत येणारी आग त्याच्याशी थबकते. दोन गडग्यांमधली पाणंद माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी उघडी राहते. होळी पेटते ती गावाने ठरवलेल्या जागी, कोणाच्याही दारात नव्हे. हे नियम आगीसाठी म्हणून कोणी केले असतील असे आमचे म्हणणे नाही. वेगवेगळ्या कारणांनी आलेल्या रीतींचा तो एक उपयोग होता.

ह्या रचनेत कच्चे दुवेही होते. गरीब घरांची छपरे गवताची किंवा झावळ्यांची असत. खळ्यावर उन्हासाठी घातलेला मांडव वाळक्या झावळ्यांचा. आणि सगळ्यांत मोठी अडचण वेळेची. पाऊस जूनमध्ये येणार, म्हणून चार महिन्यांची लाकडे, शेणी, गुरांचे गवत मेपर्यंत घरात किंवा पडवीत भरून ठेवावे लागते. घराजवळचे इंधन सर्वांत जास्त असते ते नेमके आगीचा धोका सर्वांत जास्त असताना.

ह्यात पहिला मोठा बदल कौलांनी केला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरजवळ जेप्पू इथे कौलांचा कारखाना सुरू केला. समुद्रमार्गे मंगळुरी कौले कोकणच्या बंदरांत आली आणि गवती छपरांची जागा हळूहळू नळ्यांनी आणि कौलांनी घेतली. भाजलेली माती पेटत नाही. ठिणगीचा सर्वांत सोपा रस्ता बंद झाला. कोणत्याही कायद्याने झाली नसती इतकी सुधारणा ह्या एका वस्तूने केली असे म्हणता येईल.

पण गोष्ट इथे संपत नाही. गवती छप्पर दर एक-दोन वर्षांनी शाकारावे लागे. त्यासाठी सड्यावरचे गवत कापले जाई. गुरांसाठी ते कापले जाई. काटक्या-पाला चुलीसाठी गोळा होई. कौले आली, पुढे गॅस आला, गुरे कमी झाली, घरातली कर्ती माणसे मुंबईला गेली. आता तेच गवत उभे राहते आणि उभे वाळते. छपरावरचे इंधन गेले आणि घरामागच्या उतारावर साठले.

दुसरा बदल बागांचा. १९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेशी जोडलेला फलोद्यान कार्यक्रम सुरू केला. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेला काजू आणि इथला हापूस ह्यांच्या लागवडीने कोकणातले उजाड उतार भरले. ह्यातून अनेक कुटुंबांना उत्पन्न मिळाले, हे निर्विवाद. पण त्याचबरोबर बागेची राखण करायला बागेतच घर बांधणे वाढले. काजूखाली वाळक्या पानांचा जाड थर साठतो. काजूच्या टरफलातले तेलही ज्वालाग्राही असते. विजेच्या तारा बागांवरून गेल्या, आणि तारांच्या घर्षणाने पडलेली ठिणगी हे वणव्याचे एक नेहमीचे कारण झाले. दाट वाडीतून घर निघून एकटे बागेत गेले तेव्हा वाडीचे खळे, गडगे, पाणंदी मागेच राहिल्या.

समुद्रापासूनचे अंतर, सड्यापासूनचे अंतर

ह्या बदलांशी कायदा जुळला का? ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा. गावठाणात घर बांधायला पंचायतीची परवानगी लागते. आग विझवण्यास मदत करणे आणि त्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे कामही पंचायतीच्या कामांच्या यादीत आहे. १९६६ मध्ये दोन कायदे झाले. जमीन महसूल संहितेने गावठाणाच्या हद्दीची आणि शेतजमिनीच्या बिगरशेती वापराची व्यवस्था लावली, तर प्रादेशिक व नगररचना कायद्याने मोठ्या प्रदेशांचे आराखडे करण्याची सोय केली. गावठाण ही कल्पना मात्र देशावरच्या एकवटलेल्या गावाला साजेशी आहे. कोकणातले गाव वाड्यावाड्यांनी विखुरलेले असते. त्यामुळे अनेक घरे गावठाणाच्या रेघेबाहेर पडतात.

अंतराचे नियम आपल्याला नवे नाहीत. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आला आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नव्या बांधकामाला मनाई झाली. २०११ आणि २०१९ मध्ये हे नियम बदलले, त्यांवरून वाद झाले, अजूनही होतात. पण एक गोष्ट झाली. मालवणच्या किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीरेषा म्हणजे काय आणि आपले घर तिच्यापासून किती मीटरांवर आहे, हे ठाऊक झाले. घराच्या दुसऱ्या बाजूला, सड्याच्या पायथ्याशी, वाळल्या गवताची रेघ कुठे संपते आणि ती घरापासून किती मीटरांवर आहे, हे मात्र कोणी मोजत नाही.

इतर देशांत काय झाले?

वणव्याच्या दृष्टीने घरांचे नियम करणारे देश बहुतेक मोठ्या दुर्घटनांनंतर जागे झाले. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागून २५ माणसे मेली. पुढच्याच वर्षी तिथे अतिधोक्याच्या क्षेत्रांचे नकाशे करण्याचा कायदा झाला. घराभोवती इंधन कमी ठेवण्याचा पट्टा २००५ पासून १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर, केला गेला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी एका दिवसाच्या वणव्यांत १७३ माणसे गेली. त्यानंतर तिथल्या नगररचनेच्या नकाशांवर वणव्याच्या धोक्याचा वेगळा थर चढवण्यात आला, आणि त्या क्षेत्रात घर बांधायचे तर आधी मोकळी जागा, पाणी आणि रस्ता दाखवावा लागतो.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण पोर्तुगालचे आहे. तिथे २००६ च्या कायद्याने घराभोवती ५० मीटर आणि वस्तीभोवती १०० मीटर पट्टा साफ ठेवणे बंधनकारक केले होते. तरीही जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदेच्या परिसरात साठाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नियम होता, पण पाळला जात नव्हता. कारण? जमिनीचे लहान लहान तुकडे, एकेका तुकड्याचे अनेक वारस, मालक शहरात किंवा परदेशात, गावात राहिलेली माणसे म्हातारी. सातबाऱ्यावर वीस-वीस नावे आणि त्यांतले निम्मे चाकरमानी, हे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वाचून वेगळे काही सांगायला नको. २०१८ पासून तिथे मुदत ठरवून, दंड वाढवून, आणि मालकाने साफ न केल्यास नगरपालिकेने साफ करून खर्च वसूल करण्याची तरतूद वापरून अंमलबजावणी सुरू झाली.

ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवरील लहायना हे गाव जळाले, शंभराच्या आसपास माणसे गेली. गावामागच्या उतारावर पूर्वी उसाचे मळे होते. ते बंद पडले आणि तिथे गवत माजले होते. तुटलेल्या विजेच्या तारेने ते पेटले. समुद्रकिनारी, पावसाच्या बेटावर, न कापलेल्या गवताने काय होऊ शकते ते ह्यातून दिसते.

वाडीचा नियम कसा असावा?

मग कॅलिफोर्नियाचा ३० मीटरांचा नियम सिंधुदुर्गात आणावा का? एक हिशेब करून पाहू. समजा १० मीटर लांब व १० मीटर रुंद असे एक घर आहे. त्याच्या चारही बाजूंना ३० मीटर पट्टा ठेवायचा, तर ७० गुणिले ७० म्हणजे ४९०० चौरस मीटरांतून घराचे १०० वजा जाऊन ४८०० चौरस मीटर जागा लागेल. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा. म्हणजे ४७ गुंठे, एकरापेक्षा जास्त. इतकी जागा घराभोवती किती जणांकडे आहे? पट्टा १० मीटरांचा धरला तरी ८ गुंठे लागतात.

आता २० घरांची एक वाडी १०० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद जागेत वसली आहे असे धरा. सगळ्या वाडीला मिळून ३० मीटरांचा पट्टा केला, तर १६० गुणिले १४० वजा ८००० म्हणजे १४४०० चौरस मीटर, सुमारे १४२ गुंठे. प्रत्येक घराच्या वाट्याला ७ गुंठे. घरागणिक नियम केला तर तो अशक्य आणि गरिबांवर अन्याय करणारा. वाडीगणिक केला तर आवाक्यातला. गवताच्या आगीसाठी सगळीकडे ३० मीटर लागणारही नाहीत. सपाट बाजूला कमी आणि ज्या बाजूला गवताचा उतार घराकडे चढत येतो तिथे जास्त, असा फरक करता येईल. तो फरक मुंबईत किंवा दिल्लीत बसून करता येणार नाही. तो वाडीतल्या माणसांनाच माहीत असतो.

आमच्या मते अशा नियमात चार गोष्टी असाव्यात. पहिली, घराला लागून दोन-तीन मीटर जागेत वाळके काहीही नको. उडवी, शेणी, सोडणे त्यापलीकडे, शक्य तर गडग्याआड किंवा पत्र्याखाली. दुसरी, वाडीभोवतीच्या पट्ट्यातले गवत जानेवारीअखेर कापलेले असावे. पट्टा जाळून साफ करू नये, कारण अशाच आगी हाताबाहेर जातात. झाडे तोडण्याचीही गरज नाही. हिरवा माड किंवा आंबा गवतासारखा पेटत नाही. खालचा पाला आणि वाळलेल्या खालच्या फांद्या काढल्या की पुरे. तिसरी, नवे घर बागेत बांधायचे असेल तर परवानगीच्या वेळीच पट्टा, पाण्याची टाकी आणि पाण्याची गाडी येईल इतका रस्ता दाखवावा. जुन्या घराला जागा हलवता येत नाही, नव्याला येते. म्हणून क्षेत्राचा नियम खरा उपयोगी पडतो तो नव्या बांधकामाला. चौथी, गैरहजर मालकाच्या जमिनीचे काय, हे आधी ठरलेले असावे. ग्रामसभेत ठराव करून, मालकाला कळवून, ठरावीक तारखेनंतर वाडीने गवत कापावे आणि ते गवत कापणाऱ्याचे, अशी साधी व्यवस्था होऊ शकते.

शेवटचा मुद्दा सर्वांत कठीण. दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकायचे म्हणजे भावकीतले जुने वाद जागे होणार. गवत कापू दिले तर उद्या कूळ म्हणून नाव लावील, ही भीती कोकणात खोल रुजलेली आहे. तेव्हा ठरावात हक्काचा प्रश्न स्वच्छ शब्दांत बाजूला ठेवावा लागेल. पण सामूहिक शिस्त इथल्या गावांना परकी नाही. मालवण तालुक्यातील आचऱ्यात देवाच्या कौलाने गावपळण होते. ठरावीक वर्षांनी अख्खे गाव तीन दिवस घरे सोडून वेशीबाहेर राहते. तिच्यामागची श्रद्धा हा वेगळा विषय आहे. पण एका निर्णयासाठी सगळी घरे एका दिवशी हलू शकतात, एवढे त्यातून नक्की दिसते.

शाळेत काय करता येईल?

ह्या कामाची सुरुवात नकाशाने होते, आणि नकाशा करणे हे शाळेचे काम आहे. आठवी-नववीच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर आपापल्या वाडीचा कच्चा नकाशा काढावा. प्रत्येक घरापासून सर्वांत जवळचे न कापलेले गवत किती पावलांवर आहे ते मोजावे. उतार कोणत्या दिशेला चढतो, उडवी कुठे आहे, विजेची तार कुठून जाते, विहीर कुठे आहे, हे दाखवावे. दुपारी आणि पहाटे वाऱ्याची दिशा नोंदवावी. डिसेंबरपासून दर पंधरवड्याला मूठभर गवत तोलून, उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा तोलावे. त्यातले पाणी कसे घटत जाते ह्याचा आलेख काढावा. धोका कोणत्या आठवड्यात सुरू होतो ते मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या मदतीने आगीच्या सूचना पाठवते. त्यांतल्या एका उपकरणाचा एक ठिपका एक किलोमीटरचा असतो, दुसऱ्याचा ३७५ मीटरांचा. आपल्या काल्पनिक वाडीची लांबी १०० मीटर होती. म्हणजे अख्खी वाडी, तिचा पट्टा आणि मागचा उतार एका ठिपक्यात मावतात. घराला वाचवणारे दहा-वीस मीटर आकाशातून दिसत नाहीत. ते दोरी आणि पावलांनीच मोजावे लागतात, आणि मोजलेला कागद २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडता येतो. गवत कापायला तेव्हा थोडेच दिवस हातात असतात, पण ते पुरतात.